मुऱ्हाळी मागे, बहीण पुढे

माझ्याकडे एक लाल गाडी आहे. दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, आणि पळायला बनवलेली. ती पळत नाही. जळगावात माझ्या घराच्या गॅरेजमध्ये ती राखाडी कापडाखाली उभी असते. तिला उकडू नये म्हणून मी भिंतीत पंखा बसवून घेतला आहे. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन बाहेरच्यांना सांगून पटत नाही. त्या दिवसांत गेटवरचा वॉचमन ओला रुमाल डोक्यावर टाकून कडुलिंबाखाली बसतो, आणि गॅरेजात माणूस नसताना पंखा फिरत असतो. हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं आणि वाईटही वाटत होतं. वाईट वाटलं की मी गाडीवरून आणखी एकदा मऊ फडकं फिरवायचो.

माझी डाळमिल आहे. मिलमधली माणसं सायकलवर नाहीतर शेअर रिक्षानं येतात. गाडी घेतली तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो, आणि घेतल्या दिवसापासून मला चोरी केल्यासारखं वाटायचं. ती मिलमध्ये न्यायची लाज वाटे. गावातून पळवायची तर त्याहून लाज. मग मी मनाशी अशी सोय लावून घेतली, की आपण ही उपभोगत नाही, नुसती सांभाळतो. सांभाळणाऱ्याला कोण नावं ठेवणार? आमच्या घरात टीव्हीचा रिमोट आयुष्यभर प्लास्टिकच्या पिशवीतच राहिला होता. पिशवी काढली तेव्हा टीव्हीच भंगारात चालला होता, रिमोट मात्र कोरा करकरीत. मी त्याच घरातला. फक्त माझा रिमोट फार मोठा होता.

गाडी आली त्या दिवशी अक्का धुळ्याहून मुद्दाम आली होती. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आई गेल्यावर घरातलं ओवाळणं, नजर काढणं, नव्या वस्तूची पूजा करणं हे सगळं तिच्याकडे आपोआप गेलं होतं. तिनं ताट घेतलं, कुंकू कालवलं, आणि बॉनेटवर स्वस्तिक काढायला बोट पुढे केलं. मी तिचा हात धरला. म्हणालो, "अक्का, थांब. त्यावर कोटिंग आहे, कुंकवाचा डाग बसतो." मग आत जाऊन कोरा कागद आणला, रंगाला इजा न करणारी चिकटपट्टी लावून तो बॉनेटवर डकवला, आणि म्हणालो, "आता काढ."

अक्कानं कागदाकडे पाहिलं. "मी पूजा गाडीनी करू का कागदनी?"

"गाडीचीच. कागद नुसता मध्ये आहे."

तिनं कागदावर स्वस्तिक काढलं. आमच्या घरची बोली अहिराणी. मी जळगावात राहून शहरी बोलायला लागलो, ती धुळ्यात राहूनही तशीच राहिली. ती गेल्यावर मी कागद अलगद सोडवला आणि देव्हाऱ्यात ठेवला. चिकटपट्टीचा काही अंश राहिला का, हे टॉर्च मारून पाहिलं. नव्हता. मला फार बरं वाटलं होतं.

माझ्यासारखे गावात आणखीही आहेत. रविवारी उजाडताना मेहरूण तलावाकाठी आम्ही जमायचो. एक डॉक्टर, एक सराफ, एक बिल्डर आणि मी. गाड्या घरून तलावापर्यंत यायच्या. तेवढ्या अंतरातही गतिरोधक आले की उतरून खाली वाकून पाहायचं, मग तिरपी करून एकेक चाक वर चढवायचं. दूधवाले मोटारसायकली थांबवून हा खेळ बघत. तलावापाशी पोचलो की आम्ही गाड्या एका रांगेत लावायचो, सगळे एकदम फडकी काढायचो आणि पुसायला लागायचो. तीन पोरी धावायला यायच्या. त्यातली एक दुसरीला एकदा म्हणाली, "हे काका लोक सर्व्हिसिंगवाले आहेत का गं?" आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आमचं बोलणं काय असायचं, तर कुठला शाम्पू, बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके, काळ्या रंगावर गोल ओरखडे कसे दिसतात. गाडी चालवताना काय वाटतं हे कोणी कधी बोललं नाही. बोलणार तरी कुठून? सराफानं तर कमाल केली होती. गाडी सर्व्हिसिंगला नाशिकला न्यायची होती, तेव्हा त्यानं ती ट्रकवर चढवून नेली. रस्त्यानं किलोमीटर वाढतील म्हणून. गाडी गाडीत बसून गेली आणि गाडीत बसून परत आली. आम्ही यावर हसलो नाही. "ट्रकवाला कोण रे?" असं विचारून नंबर घेतला.

माझी बायको या सगळ्यावर एकच वाक्य बोलायची. जेवायला बसलो की म्हणायची, "त्या बाईसाहेबांना विचारलं का, पंखा पुरतोय ना?"

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्या खान्देशात दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. अक्षय्य तृतीयेला लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आमरस आणि मांडे होतात. लेक आपली आपण येत नाही. माहेरचं माणूस तिला आणायला जातं. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी दारात आला म्हणजे सासरच्या गल्लीला कळतं, की हिचं माहेर अजून जागं आहे. साठीच्या बाईलाही ते कळवायचं असतं. किंबहुना साठीच्या बाईला जास्तच.

गाडी आल्यापासून दर आखाजीला अक्का फोनवर एवढंच म्हणायची, "भो, औंदा लाल गाडीमा ये." आणि मी दर वर्षी सांगायचो, की रस्ता फार खराब आहे. तेव्हा तो खरंच होता. जळगाव ते धुळे म्हणजे खड्डे, अर्धवट खोदकाम आणि धूळ. मी मिलची जीप आणि ड्रायव्हर पाठवून द्यायचो. ड्रायव्हरला मुऱ्हाळी म्हणून पाठवणारा भाऊ मीच. अक्का त्यालाही पाट मांडून जेवू घालायची.

मग रस्ता झाला. चौपदरी, गुळगुळीत, मध्ये दुभाजकावर कण्हेर. सगळ्या जिल्ह्याला आनंद झाला आणि माझी सबब गेली. त्या वर्षी मी सांगितलं, ऊन फार आहे, गाडी बुटकी आहे, तुझे गुडघे दुखतील. ती फक्त "बरं" म्हणाली. तिचं "बरं" लहानपणापासून माझ्या ओळखीचं आहे. ते बरं नसतं.

यंदा चैत्रात तिचा फोन आला. भाचा पुण्याला नोकरीला आहे. मेव्हणे जाऊन आता काही वर्षं झाली. तिनं धुळ्याचं घर भाड्यानं द्यायचं ठरवलं होतं आणि आखाजी झाली की ती पुण्याला जाणार होती, कायमची.

"म्हनीसन सांगस," ती म्हणाली, "या गल्लीमातून माहेरले जावानी ही शेवटली आखाजी. पुण्याले काय, कोन देखस कोना मुऱ्हाळी उना नि कोना नही. औंदा तू ये. लाल गाडीमा ये. बठ्ठी गल्ली देखू दे."

सगळ्या गल्लीनं पाहावं, एवढंच तिचं मागणं होतं. मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर हो म्हणतानाच माझ्या डोळ्यांसमोर सीट आली. आतल्या सीट फिकट मलईच्या रंगाच्या, कातडी. अक्का डोक्याला खोबरेल तेल थापते. पायात धुळीच्या चपला. आणि तिच्या फोनच्या शेवटी आणखी एक वाक्य होतं, "खापर बी लई येसू."

खापरही घेऊन येणार होती. खापर म्हणजे मातीचं मोठं बुटकं भांडं. चुलीवर ते उपडं घालतात आणि त्याच्या पाठीवर मांडे भाजतात, म्हणजे आमची हातावर वाढवलेली, पेपराएवढी पुरणपोळी. अक्काचं खापर तिच्या लग्नाइतकंच जुनं. त्यावर काजळीचा थर इतका, की बोट लावलं तर बोट संध्याकाळपर्यंत काळं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये चूल कुठली पेटणार, म्हणून ते ती माझ्या बायकोला देणार होती. एका बाजूला मलईच्या रंगाची सीट, दुसऱ्या बाजूला ते खापर. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. बहीण धुळं कायमचं सोडते आहे याचं मला त्या दोन दिवसांत एकदाही वाईट वाटलं नाही, हेही इथं सांगून टाकतो.

उपाय मी शोधला. मिलशेजारी केळी भरायचं एक पॅकिंग हाउस आहे. केळीच्या घडाला डाग पडू नये म्हणून झाडावरच त्याला एक निळसर पिशवी घालतात, खालीवर मोकळी, लांबच लांब. परदेशी जाणाऱ्या केळ्यांवर एवढासाही ठिपका चालत नाही. मी कोऱ्या पिशव्या मागून आणल्या. सीटवर चढवून पाहिली तर अशी बसली, जशी मापानं शिवली असावी. मी स्वतःच्या बुद्धीवर खूश झालो.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. मोकळा चौपदरी रस्ता, मागे आरशात उजाडतंय, आणि या गाडीत मी उजव्या पायाला आवरून धरून चाललो होतो. ट्रक दिसला की लांब मागे राहायचो, टायरखालून खडा उडेल म्हणून. एरंडोलजवळ कडब्याच्या पेंढ्या लादलेल्या ट्रॅक्टरनं मला ओलांडलं. ट्रॉलीवर बसलेला म्हातारा मागे वळून बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. त्याला वाटलं असेल बिघडली आहे.

धुळ्यात अक्काच्या गल्लीत शिरलो तेव्हा बायका खरंच दारात आल्या होत्या. अक्का ओट्यावर उभी. नवं हिरवं लुगडं, केसात अबोलीचा गजरा, काखेत जुन्या धडप्यात बांधलेलं खापर. मी कधी तिला इतकं नटलेलं पाहिलं नव्हतं. शेजारची बाई म्हणाली, "अक्का, मुऱ्हाळी ते विमान लई उना!" अक्का नुसती हनुवटी वर करून हसली. त्या हसण्यासाठी ती कितीतरी आखाज्या थांबली होती.

मी उतरलो, तिच्या पाया पडलो, आणि दार उघडलं. मग डिकीतून निळी पिशवी काढली आणि सगळ्या गल्लीसमोर सीटवर चढवायला लागलो. नीट, सुरकुती न पडू देता. पिशवीचा तो चर्रचर्र आवाज. खाली पायाशी वर्तमानपत्र अंथरलं. खापरासाठी दुसरी पिशवी काढली. सगळं झाल्यावर म्हणालो, "बस अक्का."

ती बसली नाही. पिशवीकडे पाहत राहिली. धुळ्यातल्या माणसाला ती पिशवी कशाची हे सांगावं लागत नाही.

"मी काय केळीना घड शे का रे भो?"

शेजारीण फस्सकन हसली. मग दुसरी हसली. मी म्हणालो, "अगं, कातडं आहे. तेल लागलं की डाग जात नाही. तुझ्यासाठी नाही, खापरासाठी..."

"माले बसाडनं शे का पॅक करनं शे?"

"अक्का, सगळे बघतायत."

"देखू दे ना. त्यानासाठेच ते तुले बलायं व्हतं."

त्यासाठीच तर तुला बोलावलं होतं. हे ती इतक्या हळू म्हणाली, की ते फक्त मला ऐकू आलं. मग काखेतलं खापर सावरून ती ओट्यावरून उतरली, गाडीला वळसा घालून पुढे गेली आणि कोपऱ्यावरच्या रिक्षात बसली. "बसस्टँड," तिनं रिक्षावाल्याला सांगितलं. मी निळ्या पिशवीशेजारी उभा. शेजारीण आता हसत नव्हती. तिनं दार लावून घेतलं.

स्टँडवर मी पोचलो तोवर अक्का जळगावच्या एसटीत चढून खिडकीशी बसलीही होती. मी खिडकीखाली उभा राहून हात जोडले. "अक्का, उतर. पिशवी काढतो."

"तिकीट काढेल शे."

"तिकिटाचं काय घेऊन बसलीस!"

"तुनी गाडीमा फुकट, पन पिशवीमा. आठे अर्धं तिकीट, पन मोकळं."

आसपासची माणसं आता ऐकायला लागली होती. कंडक्टरनं विचारलं, "कोन शेत हाई?" अक्का म्हणाली, "मना मुऱ्हाळी." कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं, स्टँडच्या तोंडाशी उभ्या लाल गाडीकडे पाहिलं, आणि घंटीची दोरी ओढत म्हणाला, "चला! मुऱ्हाळी मांगे, बहीण पुढे!" अख्खी एसटी हसली.

आणि तसंच झालं. एसटी पुढे, मी मागे. काय करणार होतो? पुढे निघून गेलो असतो तर तिला टाकून गेलो असं झालं असतं. मुऱ्हाळी बहिणीच्या आधी घरी कसा पोचेल? म्हणून एसटी थांबेल तिथं मी थांबलो. फागण्याला थांबलो, मुकटीला थांबलो. मागच्या काचेतून पोरं मला हात करत होती. एसटीचा काळा धूर आणि धूळ सगळी माझ्या बॉनेटवर. इतक्या दिवसांनी गाडी एवढी लांब चालत होती, आणि तीही एसटीच्या चालीनं, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, शेजारी निळ्या पिशवीत कोणी न बसलेली सीट घेऊन.

पारोळ्याला एसटी चहासाठी थांबली. मी धावत गेलो. पिशवी काढून चुरगाळून हातात घेतली होती, तिला दाखवायला. अक्का खाली उतरून चूळ भरत होती. तिनं पिशवीकडे पाहिलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"चहा लई ये," ती म्हणाली. "एक माले, एक कंडक्टरले."

मी चहा आणला. ती चहा पिऊन पुन्हा एसटीत चढली. जळगावपर्यंत तिनं खिडकीतून मागे वळून पाहिलं नाही.

स्टँडवर उतरल्यावर मात्र ती सरळ माझ्याकडे आली. मला वाटलं राग उतरला. तिनं दार उघडलं, मी चुरगाळून टाकलेली पिशवी स्वतः उचलली, झटकली, सीटवर चढवली, आणि त्यावर खापर ठेवलं. वरून पट्टाही लावला.

"हाई घे. हाई तुनी पिशवीना लायक शे. मी रिक्षामा येस."

स्टँड ते घर मी एका हातानं गाडी चालवली आणि दुसऱ्या हातानं धडपं धरून ठेवलं, काजळी झडू नये म्हणून. गतिरोधकावर माझा हात आपोआप खापरामागे जायचा. आयुष्यात मी कोणाला इतकं जपून घरी आणलं नव्हतं.

आखाजीच्या दिवशी अक्कानं चूल मांडली, खापर उपडं घातलं आणि मांडे केले. हातावर पोळी फिरवत फिरवत तिनं ही सगळी गोष्ट घरभर सांगितली. कंडक्टरचा आवाज काढून सांगितली. माझी बायको डोळे पुसून हसत होती. मी आमरसात मांडा बुडवून मान खाली घालून खात होतो. अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधला होता. वॉचमनच्या मुलीपासून माझ्या चुलत वहिनीपर्यंत सगळ्या त्यावर बसून गेल्या. कोणी झोक्यावर प्लास्टिक घातलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, "अक्काला परत सोडायला मी जातो. गाडीनं." ती म्हणाली, "विचारा तिला. माझ्याकडून निरोप पाठवू नका."

मी विचारलं. अक्का झोक्यावर बसली होती. म्हणाली, "आते खापर नही. डोकं बी आजच धोयेल शे. आते तू मोठा दिलदार व्हई गया."

ते खरं होतं. तिनं पायानं झोका एकदा ढकलला. मग ती म्हणाली, "आंबानी पाटी संगे शे. मांडीवर ठेवसू. पिकेल शेत, रस गळस. चालीन का?"

"चालेल."

"पिशवी?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. हे बरं थोडं वेगळं होतं, पण पुरतं बरं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत निघालो. मांडीवर आंब्यांची पाटी, पायाशी पापडांचा डबा, केसांत तेल. होय, सकाळी तिनं पुन्हा तेल लावलं होतं, आणि मला दिसेल असं, आरशासमोर, सावकाश. एरंडोल आलं. तिनं पाटीतून एक पिवळाधमक आंबा काढला, दोन्ही तळव्यांत घोळून मऊ केला, देठाचा चीक टिपला, आणि माझ्याकडे पाहिलं. मी समोर पाहत राहिलो. माझे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले असतील. ती ते पाहत होती. मग आंबा तिनं परत पाटीत ठेवला.

"घाबरू नको. आंबा खास नही." खात नाही, म्हणाली.

पारोळा मागे पडलं. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, लांब एखादं बाभळीचं झाड. मागून पांढरी जीप आली, वाजत गाजत पुढे निघून गेली. पाठोपाठ एक एसटी. एसटीनं आम्हाला ओलांडलं.

अक्कानं एसटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इतलीच पळस का तुनी गाडी?"

मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. अपमान म्हणा. मी गिअर खाली टाकला आणि पाय दाबला.

एवढी वर्षं मी त्या गाडीचं कातडं ओळखत होतो, काच ओळखत होतो, रंगाची जाडी ओळखत होतो. तिचा आवाज मला माहीत नव्हता. तो मागून आला, पाठीच्या मणक्यातून वर चढला. पाठ सीटला चिकटली. एसटी मागे गेली, जीप मागे गेली, कण्हेरीची एक लांब गुलाबी रेघ झाली. अक्कानं एका हातानं पाटी धरली, दुसऱ्या हातानं पदर, आणि तिच्या तोंडातून "अरे! अरे!" असं निघालं. मी घाबरून पाहिलं तर ती हसत होती. तोंड उघडं टाकून, दातांची फट दिसेल अशी. झोक्यावर बसलेल्या पोरीसारखी.

मीही हसायला लागलो. मी त्या गाडीत याआधी एकदाही हसलो नव्हतो.

तेवढ्यात समोर खडीचा ट्रक आला. मी बाजू काढून पुढे जात असतानाच टक् असा आवाज झाला. बॉनेटवर, डाव्या बाजूला. आवाज छोटा होता. तरी माझा पाय आपोआप वर आला. गाडी कडेला घ्यायची, उतरायचं, टॉर्च काढायचा, हे सगळं माझ्या हातापायांत आधीच सुरू झालं होतं.

अक्काचं हसणं थांबलं. तिनं समोर पाहतच सांगितलं, "उभी करशी ते मी आठेच उतरसू. आंबा लईसन."

एक सांगायला हवं. मला थांबायचं होतं. बहीण आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गाडीत हसली होती, ती आपल्या गल्लीत शेवटची परत चालली होती, आणि माझा सगळा जीव त्या न दिसणाऱ्या ठिपक्याशी अडकला होता. ती खरंच उतरली असती. त्या उन्हात, त्या पाटीसह, तिनं पुढच्या एसटीला हात केला असता, आणि मी पुन्हा मागून चाललो असतो. तो कंडक्टर पुन्हा भेटला असता.

मी पाय परत दाबला.

धुळ्यापर्यंत आम्ही थांबलो नाही. गल्लीत शिरताना मी गाडीचा आवाज मुद्दाम वाढवला, याची मला आता लाज वाटते आणि वाटतही नाही. दारं उघडली. शेजारीण बाहेर आली, सीटकडे पाहून म्हणाली, "पिशवी कुठे गई?" अक्का म्हणाली, "केळं उतराई टाकं."

मग ती बॉनेटपाशी गेली. मी तिच्या मागे. ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका, लाल रंग उडून आतला करडा दिसत होता. तिनं त्यावर बोट ठेवलं. मग ती घरात गेली आणि करंडा घेऊन आली. कुंकू ओलं केलं, आणि त्या ठिपक्याला मधोमध धरून बॉनेटवर भलं मोठं स्वस्तिक काढलं. रेघा थोड्या वाकड्या आल्या. ओघळही आला.

"कागद शे का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग राहू दे."

परतीच्या वाटेवर ते कुंकू वाऱ्यानं वाळलं आणि काचेवर त्याचे कण उडत राहिले. मी एकटा होतो आणि वेगात होतो.

आता मी सुधारलो असं कोणाला वाटू नये म्हणून पुढचंही लिहितो. आठवड्याच्या आत मी तो ठिपका भरून घेतला. मेहरूणला डॉक्टरनं टॉर्च मारून पाहिला आणि म्हणाला, "कळतसुद्धा नाही!" मला आनंद झाला. सीटवरच्या तेलाचा डागही मी काढायला गेलो होतो, पण तो गेला नाही. फिकट, डोक्याच्या आकाराचा. सराफ म्हणाला, कातडं बदलून घे, माझ्याकडे माणूस आहे. मी अजून बदललेलं नाही. पण बदलणारच नाही असं काही मी ठरवलेलं नाही. एवढंच की आता रविवारी मी मेहरूणला न थांबता सरळ पुढे पारोळ्यापर्यंत जाऊन येतो. कधी कधी.

परवा पुण्याहून अक्काचा फोन आला. फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे, खाली कोणाचं कोण चाललंय काही दिसत नाही म्हणाली. मग विचारलं, "तो दगड लागेल व्हता, तो भरी लिना का?"

खोटं बोलावं असं वाटलं. बोललो नाही. "भरला," म्हणालो.

"माले माहित व्हतं," ती म्हणाली, आणि तिकडे मोठ्यानं हसली.

"पुढल्या आखाजीला पुण्याला येतो तुला घ्यायला," मी म्हणालो. "त्याच गाडीनं."

"ये. पन औंदाना आंबा मी खादाच नही तुनी गाडीमा. पुढला साल खासू. पिशवी लई ये, तुनासाठे."